सेकंडहँड लॅपटॉप घेतला, पासवर्ड माहीत नाही: आता काय करायचं?

हे या भागाचं शब्दांकन. रेकॉर्डिंगमधलं "म्हणजे बघा", "बरं का" थोडं छाटलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ऐकताऐकता बटणांची नावं टिपून घेणं जमत नाही अशी तुमच्यापैकी बऱ्याच जणांची तक्रार असते. तर हा मजकूर मोबाईलवर उघडा ठेवा आणि लॅपटॉप शेजारी घेऊन बसा.

आजचा विषय आपल्या वर्धा जिल्ह्यात जून-जुलै आला की हमखास निघतो. कॉलेजचे प्रवेश सुरू होतात. कोणाला एमएस-सीआयटी करायची असते, कोणाला टॅली शिकायचं असतं, कोणाला ऑनलाईन फॉर्म भरायचे असतात. नव्या लॅपटॉपला तीस-चाळीस हजार मोजायची सगळ्यांची ऐपत नसते. मग नागपूरला सीताबर्डीवरून, नाहीतर ओळखीपाळखीतून दहा-पंधरा हजारांत जुना आणला जातो. घरी आल्यावर सगळे भोवती बसतात, बटण दाबतात, आणि पडद्यावर कोणातरी अनोळखी माणसाचं नाव आणि खाली रिकामी चौकट. पासवर्ड टाका.

हिंगणघाटच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता, तो भागात ऐकवलाच आहे: "दादा, लॅपटॉप तर घेतला, पण तो उघडूनच नाही राह्यला. पासवर्ड टाक म्हणते. मले कुठून मालूम त्याचा पासवर्ड?"

अगदी बरोबर आहे भाऊ. तुम्हाला कुठून मालूम असणार! आणि चांगली बातमी ही की बहुतेक वेळा तो माहीत असण्याची गरजच नसते.

पासवर्ड शोधायचा नाही

नवशिक्या माणसाच्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो की याचा पासवर्ड कसा काढायचा. तर आधी हे समजून घेऊ की कॉम्प्युटरलाही तुमचा पासवर्ड माहीत नसतो.

म्हणजे कसं? गिरणीत ज्वारी टाकली की पीठ पडतं. पिठाची परत ज्वारी होत नाही. तुम्ही पासवर्ड ठेवता तेव्हा कॉम्प्युटर त्याचं असंच गणिती पीठ करतो आणि फक्त ते पीठ जपून ठेवतो. पुढच्या वेळी तुम्ही पासवर्ड टाकला की तो पुन्हा दळतो आणि दोन्ही पिठं जुळतात का ते बघतो. जुळली तर दार उघडतं. या दळण्याला हॅशिंग म्हणतात.

ही पद्धत यायला कारणही तसंच घडलं. कॉम्प्युटरवर पासवर्डची चाल सुरू झाली ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत एमआयटी या संस्थेत. एकच मोठं यंत्र, अनेक वापरणारे, म्हणून प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. पण ते सगळे पासवर्ड एका फाईलमध्ये सरळ जसेच्या तसे लिहिलेले. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या तिथल्याच एका संशोधक विद्यार्थ्याने ती फाईलच छापून घेतली, कारण त्याला ठरवून दिलेला वेळ पुरत नव्हता आणि दुसऱ्यांच्या नावावर यंत्र वापरायचं होतं. पुढे पासवर्ड दळून ठेवायची पद्धत रूढ झाली.

म्हणून "पासवर्ड काढून देतो" असं कोणी म्हणालं की सावध व्हा. तुम्हाला जुन्या माणसाच्या पासवर्डशी काही देणंघेणं नाही. तुम्हाला हवाय एक कोरा, चालू लॅपटॉप. जुनं सगळं पुसून नवीन विंडोज टाकणं, हाच सरळ आणि प्रामाणिक रस्ता आहे.

पण तो रस्ता उघडा आहे की नाही, हे कुलूप कोणतं आहे त्यावर ठरतं.

कुलूप कोणतं, ते आधी ओळखा

लॅपटॉप पूर्ण बंद करा. पुन्हा चालू करा आणि पासवर्ड नेमका कधी मागतो ते बघा. उगाच अंदाजाने पासवर्ड टाकत बसू नका. बऱ्याचदा चुकलं की यंत्र काही वेळ तुम्हाला दाराबाहेरच उभं करतं.

पहिला प्रकार: विंडोजची खूण येते, मागे छान चित्र येतं, त्यावर कोणाचं तरी नाव आणि खाली पासवर्ड किंवा पिन. हे विंडोजचं कुलूप. सगळ्यात जास्त आढळणारं आणि सगळ्यात सोपं.

दुसरा प्रकार: निळा पडदा, त्यावर बिटलॉकर हा शब्द आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागितलेली. हे डिस्कचं कुलूप.

तिसरा प्रकार: बटण दाबल्या दाबल्या, विंडोज सुरू व्हायच्याही आधी, काळ्या किंवा करड्या पडद्यावर एक छोटी चौकट. हे बायोसचं कुलूप, म्हणजे थेट यंत्राच्या मुळाशी बसलेलं. कधी कधी हार्ड डिस्कचा स्वतःचा पासवर्डही याच वेळी मागितला जातो.

चौथा प्रकार सगळ्यात फसवा. सगळं व्यवस्थित पुसलं जातं, नवीन विंडोज चढतं, तुम्ही इंटरनेट जोडता आणि पडद्यावर एखाद्या कंपनीचं नाव येतं. तिथला ऑफिसचा ईमेल टाका म्हणतो. हे संस्थेचं कुलूप.

यातलं आपलं कोणतं, ते कागदावर लिहून ठेवा. मेकॅनिककडे गेलात तरी पहिला प्रश्न तोच असतो.

काही करायच्या आधी एक फोन

हात लावायच्या आधी ज्याच्याकडून घेतला त्याला फोन करा. लाजू नका. पैसे मोजलेत तुम्ही.

त्याला पासवर्ड विचारू नका. फोनवर पासवर्ड सांगणं त्याच्यासाठीही बरं नाही, कारण तोच पासवर्ड त्याच्या ईमेललाही असू शकतो. त्याला म्हणा, "दादा, तुमचं खातं काढून, रिसेट करून द्या." समोर बसून दहा मिनिटांत तो ते सुरू करून देईल. शिवाय यातून तुम्हाला अजून एक गोष्ट कळते. ज्याचा माल खरोखर त्याचा होता तो खळखळ न करता मदत करतो. जो फोन उचलत नाही, "तुमचं तुम्ही बघा" म्हणतो, किंवा बिलाचं नाव काढलं की विषय बदलतो, त्याच्याबाबतीत थांबून विचार करायला हवा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, घाबरवायला नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये कलम ६६-ब आहे. चोरीचा कॉम्प्युटर किंवा मोबाईल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला सबळ कारण असूनही, जो अप्रामाणिकपणे घेतो किंवा जवळ ठेवतो त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुम्ही प्रामाणिकपणे विकत घेतला असेल तर ते सिद्ध करणारा कागद तुमच्याकडे हवा. साध्या वहीच्या पानावर का होईना, लॅपटॉपचा सीरियल नंबर, किंमत, तारीख आणि विकणाऱ्याची सही. सीरियल नंबर लॅपटॉपच्या पोटाशी स्टिकरवर असतो. यूपीआयने पैसे दिले असतील तर त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

विंडोजचं कुलूप: घरच्या घरी

आता पहिला प्रकार. यासाठी पेनड्राईव्हही लागत नाही.

सुरू करण्याआधी चार्जर लावा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेलीच असते, आणि अर्ध्यातून लाईन गेली तर विंडोज धड जुनंही राहत नाही, धड नवंही होत नाही. म्हणून तुमच्या गावात लोडशेडिंगची वेळ कोणती, ती टाळूनच बसा.

पासवर्डच्या पडद्यावर उजवीकडे खाली पॉवरचं चिन्ह असतं. कीबोर्डवरची शिफ्टची कळ दाबून धरा. ती न सोडता पॉवरच्या चिन्हावर क्लिक करा आणि रिस्टार्ट निवडा. थोड्या वेळाने निळा पडदा येईल, त्यावर चौकोनी पर्याय असतील. त्यातला ट्रबलशूट निवडा, मग रिसेट धिस पीसी.

इथे दोन रस्ते फुटतात. कीप माय फाईल्स म्हणजे जुन्या फाईली राहू दे. तो तुमच्या कामाचा नाही, त्यासाठी जुन्या मालकाचा पासवर्ड लागतो. तुम्हाला हवा रिमूव्ह एव्हरीथिंग, म्हणजे सगळं काढून टाक.

पुढे तो विचारेल की विंडोज कुठून आणू. क्लाऊड डाऊनलोड घेतलं तर इंटरनेटवरून काही जीबी उतरतात. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाईल पॅकवर ते झेपणार नाही. लोकल रीइन्स्टॉल निवडा, म्हणजे आतल्याच सामानातून काम होतं. एकाहून जास्त ड्राईव्ह असतील तर सगळे पुसायचे का विचारेल, तिथे सगळे म्हणा. शेवटी नुसत्या फाईली काढू की ड्राईव्ह पूर्ण साफ करू असं विचारेल. पूर्ण साफ करायला काही तास लागू शकतात. पण वेळ असेल तर तेच करा. का, ते पुढे सांगतो.

मग सोडून द्या. मध्ये दोन-तीनदा बंद-चालू होईल, टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ अडकेल. बटण दाबायचं नाही. शेवटी "देश निवडा, भाषा निवडा" असा पडदा आला की समजा, दार उघडलं. हिंगणघाटच्या आपल्या भाऊंचं काम इथेच झालं.

ते जमलं नाही तर: पेनड्राईव्ह

कधी कधी आतलं विंडोज इतकं खराब असतं की रिसेट अर्ध्यातच मान टाकतं. किंवा रिसेट करतानाच बिटलॉकरची की मागतो. मग बाहेरून विंडोज आणायचं.

लागेल काय? किमान ८ जीबीचा एक पेनड्राईव्ह. त्यातलं सगळं पुसलं जाणार, म्हणून त्यात लग्नाचे फोटो असतील तर आधी काढून घ्या. आणि चालू असलेला दुसरा एक कॉम्प्युटर, चांगल्या इंटरनेटसह. मित्राचा चालेल, क्लासमधला चालेल. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावर मीडिया क्रिएशन टूल नावाची छोटी फाईल फुकट मिळते. ती चालवली की तीच विंडोज उतरवते आणि पेनड्राईव्ह तयार करून देते. दुसऱ्या कोणत्याही साईटवरून विंडोज घेऊ नका. "ॲक्टिव्हेटेड" म्हणून फुकट मिळणाऱ्या विंडोजमध्ये काय काय मिसळलेलं असतं, ते तुम्हाला दिसत नाही.

पेनड्राईव्ह लावून लॅपटॉप चालू करा आणि लगेच बूट मेनूची कळ टिचक्या मारल्यासारखी दाबत राहा. डेल आणि लेनोवोला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप. एसरलाही एफ१२, पण तिथे काही मॉडेलमध्ये आधी बायोसमध्ये जाऊन तो मेनू चालू करावा लागतो. यादी आली की यूएसबी निवडा.

मग विंडोजचा सेटअप सुरू होईल. आवृत्तीनुसार पडदे थोडे वेगळे दिसतात, पण मुद्दे तेच. प्रॉडक्ट की मागितली तर "माझ्याकडे नाही" हा पर्याय निवडा. बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपचा परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असतो. आधी होती तीच आवृत्ती, होमला होम आणि प्रोला प्रो, टाकली की इंटरनेट जोडल्यावर परवाना आपोआप ओळखला जातो. वेगळे पैसे लागत नाहीत. त्यानंतर ड्राईव्हचे तुकडे दिसतील, त्यांना पार्टिशन म्हणतात. लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरचे सगळे तुकडे एकेक करून डिलीट करा. सगळी जागा रिकामी दिसली की नेक्स्ट. बाहेरून लावलेली दुसरी हार्ड डिस्क असेल तर ती आधीच काढून ठेवा, चुकून तिच्यावर हात पडायला नको.

एक अडचण हमखास येते. नवीन विंडोज चढल्यावर वायफायच सापडत नाही, कारण त्याचा ड्रायव्हर आलेला नसतो. अशा वेळी मोबाईल केबलने जोडा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लॅपटॉपला इंटरनेट मिळतं आणि पुढचे ड्रायव्हर तो स्वतः शोधतो.

आता विंडोज कोणतं? विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सोय लागते. तुमचं यंत्र त्याहून जुनं असेल तर लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, हलकं आहे, आणि त्यात ब्राऊझर, लिब्रे ऑफिस, मराठी टायपिंग सगळं चालतं. पण टॅली किंवा क्लासमधलं एखादं ठरावीक सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर आधी क्लासमध्ये विचारून घ्या.

बिटलॉकर: मोडीतलं बाड

दुसरा प्रकार, ४८ आकड्यांची की. हा पडदा बघून लोक खचतात. हे आणि विंडोजचं कुलूप यात फरक काय, ते समजून घेऊ.

विंडोजचा पासवर्ड हे घराच्या दाराचं कुलूप. आत पेटीत कागद मात्र साध्या मराठीत लिहिलेले. कोणी पेटीच उचलून नेली, म्हणजे हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, तर सगळं वाचता येतं. बिटलॉकर म्हणजे ते कागद मोडीत लिहून ठेवणं. पेटी फोडली, बाड हातात आलं, तरी अक्षर लागत नाही. फरक इतकाच की मोडी वाचणारे जाणकार आजही सापडतात. ही लिपी वाचणारी एकच गोष्ट जगात असते, ती म्हणजे ती की.

अंदाजाने टाकून बघू? ४८ आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात आणि प्रत्येक गटाला ११ने भाग जावा लागतो. एवढ्या अटी लावूनही ज्या शक्यता उरतात त्या मोजायला ३४ लिहून पुढे ३७ शून्यं द्यावी लागतील. विसरा.

पण तुम्हाला ते बाड वाचायचंय कुठे? तुम्हाला पेटी हवीय. वर सांगितलेल्या पेनड्राईव्हच्या पद्धतीने सगळे तुकडे डिलीट केले की बिटलॉकरही जातं. की लागत नाही. फक्त जुना डेटा कायमचा जातो. तो तुमचा नव्हताच.

मात्र लॅपटॉप घरातल्याच कोणाचा असेल, मोठ्या भावाने वापरायला दिला आणि आत त्याच्या प्रोजेक्टच्या फाईली असतील, तर पुसायची घाई नको. ती की बहुधा त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. दुसऱ्या मोबाईलवरून त्याने आपल्या खात्यात लॉगिन करून डिव्हाइसेसच्या पानावर रिकव्हरी की बघावी.

बायोसचं कुलूप: इथे हात आवरा

तिसरा प्रकार. जुना डेस्कटॉप असेल तर मार्ग सोपा आहे. आतल्या मदरबोर्डवर नाण्याएवढी बॅटरी असते, सीआर२०३२ नावाची. वायर काढून ती काही मिनिटं बाहेर ठेवली की बऱ्याच जुन्या बोर्डवर बायोसचा पासवर्ड जातो. घड्याळवाल्याकडेही ही बॅटरी मिळते.

लॅपटॉपचं तसं नाही. आजकालच्या लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड वीज नसली तरी टिकणाऱ्या चिपमध्ये असतो. बॅटरी काढून काही होत नाही. लेनोवो तर आपल्या थिंकपॅडबद्दल स्वतःच सांगते की सुपरव्हायझर पासवर्ड विसरलात तर मदरबोर्ड बदलावा लागतो. काही कंपन्या बिल आणि सीरियल नंबर बघून अधिकृत सेवा केंद्रात मदत करतात. म्हणून पुन्हा तेच, बिल लागतं.

चिप पुन्हा लिहून देणारे कारागीर बाजारात असतात. पण बोर्ड गेला तर जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवा. दहा हजारांच्या लॅपटॉपवर चार हजारांचा जुगार खेळण्यापेक्षा परत देऊन पैसे मागणं बरं.

कंपनीचं कुलूप: आर्वीची गोष्ट

बाजारात येणाऱ्या जुन्या लॅपटॉपपैकी बरेचसे मोठ्या कंपन्यांमधून निघालेले असतात. तीन-चार वर्षं वापरायचे, मग लॉटमध्ये विकायचे. माल चांगला असतो. पण कंपनीने ते यंत्र आपल्या नावावर मायक्रोसॉफ्टकडे नोंदवलेलं असतं, या सोयीला ऑटोपायलट म्हणतात. ही नोंद डिस्कवर नसते, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. डिस्क पुसा, नवी टाका, इंटरनेट लागलं की यंत्र ओळखलं जातं.

आर्वीच्या एका ताईंनी मुलीसाठी असाच एक घेतला. तुरीच्या पैशातून तेरा हजार दिले. रिसेट केल्यावर एका कंपनीचं नाव आलं. दुकानदार म्हणाला, "नेट न लावता सेट करून देतो, मग काही होत नाही." ताईंनी मला विचारलं, चालेल का?

मी म्हटलं, ताई, लावू नका. एक म्हणजे पुढे कधी विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली की तेच दुखणं परत. आणि दुसरं, हा लॅपटॉप कंपनीने विकलेला आहे की कोणा कर्मचाऱ्याकडून चोरीला गेलेला आहे, हेच अजून कळलेलं नाही. तेरा हजार गेले तर वाईटच, पण उद्या मुलीच्या हातात चोरीचा माल सापडला तर त्याहून वाईट.

मग काय केलं? त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून कार्यालयाचा पत्ता घेतला. मुलीने साधा ईमेल लिहिला. हा सीरियल नंबर, अमुक तारखेला अमुक गावातल्या दुकानातून घेतला, बिल जोडलंय, हा तुमच्या नोंदीतून निघालेला आहे का? आठवड्याभराने उत्तर आलं. लॅपटॉप लॉटमध्ये विकलेला होता, नोंद काढायची राहिली होती, ती काढली. त्या दिवशी पुन्हा रिसेट केला आणि कंपनीचं नाव गेलं.

दरवेळी असं गोड उत्तर येईलच असं नाही. "तो आमच्याकडून चोरीला गेलाय" असं उत्तर आलं तर लॅपटॉप वापरणं तिथेच थांबवा आणि बिल घेऊन पोलीस ठाण्यात जा. स्वतःहून गेलेला माणूस आणि शोधून काढलेला माणूस यात फरक असतो.

मॅकबुकचंही असंच. २०१८ पासूनच्या टी२ चिपच्या आणि त्यानंतरच्या ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकला ॲक्टिव्हेशन लॉक असू शकतं. ते जुना मालक आपल्या आयक्लाऊड खात्यातून, घरबसल्या काढू शकतो. तो सापडला नाही तर ॲपल मूळ खरेदीचा पुरावा मागते. तो नसेल तर मॅक घेऊच नका.

पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा

दुकानातून घेतला असेल तर तुम्ही ग्राहक आहात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. त्यावरून मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग वर्ध्यातच आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. ऑनलाईन पैसे घेऊन विकणारा गायबच झाला असेल तर तो सायबर फसवणुकीचा प्रकार, त्यासाठी १९३०. तिथे जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. एका माणसाने आपला वापरलेला लॅपटॉप दुसऱ्याला विकला, तर ग्राहक कायदा लागत नाही. म्हणून ओळखीतल्या व्यवहारातही कागद करा.

आणि "दोन मिनिटांत अनलॉक" असले व्हिडिओ बघून अनोळखी सॉफ्टवेअर उतरवू नका. कोणी फोनवर "स्क्रीन शेअर करा, मी काढून देतो" म्हणालं तर फोन ठेवा. त्याला तुमचा लॅपटॉप नको, तुमचं यूपीआय हवंय.

त्या अनोळखी माणसाचं नाव

मघाशी म्हणालो की पूर्ण साफ करा, त्याचं कारण आता सांगतो.

अमेरिकेत सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलाट या दोघांनी २००० ते २००२ या काळात सेकंडहँड बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ वाचता आल्या. नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत लोकांची पत्रं, वैद्यकीय माहिती आणि पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्डांचे नंबर होते. विकणाऱ्यांपैकी अनेकांना वाटत होतं की आपण सगळं डिलीट केलंय. फाईल डिलीट करणं म्हणजे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून ओळ खोडणं. पान तिथेच असतं.

तुमच्या लॅपटॉपवर ज्याचं नाव दिसतंय त्याचंही आधार कार्ड, बायकोमुलांचे फोटो, बँकेचं पासबुक आत असेल. चुकून दार उघडलंच तरी आत डोकावू नका, थेट पुसा. आपण नवीन घरात राहायला गेलो आणि मागच्या भाडेकरूची पेटी राहिलेली सापडली तर ती उघडून वाचत बसत नाही. आणि उद्या तुम्ही हा लॅपटॉप विकाल तेव्हा पुढच्याने तुमच्याशी असंच वागावं, एवढीच अपेक्षा तुमचीही असणार.

आत शिरल्यावर, आणि पुढच्या वेळी घेताना

नवीन खातं तुमच्या स्वतःच्या ईमेलने आणि मोबाईल नंबरने करा, दुकानदाराच्या नव्हे. विंडोज ११ बऱ्याच यंत्रांवर डिस्क आपोआप मोडीत, म्हणजे बिटलॉकरमध्ये टाकतं. तेव्हा तुमची ४८ आकडी की आजच कागदावर उतरवा आणि जिथे घरचा सातबारा ठेवता त्याच फाईलमध्ये ठेवा. लॅपटॉपमध्येच ठेवली तर ती घरात किल्ली ठेवून कुलूप लावल्यासारखी होईल.

आणि पुढच्या वेळी पैसे द्यायच्या आधी दुकानातच हे करून घ्या. लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करा, मधे कुठे पासवर्ड मागतो का बघा. बायोसची कळ दाबून आत शिरता येतं का बघा. तुमच्यासमोर रिसेट करायला लावा आणि तुमच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट जोडून पहिला पडदा बघा, कोणत्या कंपनीचं नाव येत नाही ना. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो लॅपटॉपच्या पोटावरच्या नंबरशी जुळवा. रिसेटला तासभर लागतो. दुकानदार म्हणेल वेळ नाही. तर त्याला म्हणा, मलाही नागपूर-वर्धा पुन्हा चकरा मारायला वेळ नाही, मी बसतो इथेच, चहा सांगा.

तुमच्या लॅपटॉपवर यातलं कोणतं कुलूप आहे ते व्हॉइस मेसेजवर कळवा. पडद्याचा फोटो पाठवणार असाल तर त्यावरचं जुन्या मालकाचं नाव आणि ईमेल बोटाने झाकून मगच फोटो काढा. भेटू पुढच्या भागात.